बाळंतपण नाही, तरी पान्हा: दत्तक आणि सरोगसीतल्या आईला दूध कसं येतं

२०१७ साली प्रसूती रजेचा कायदा बदलला. तीन महिन्यांहून लहान बाळ दत्तक घेणाऱ्या आणि सरोगसीतून आई होणाऱ्या स्त्रीसाठी त्यात बारा आठवड्यांची रजा आली. २०२४ मध्ये केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या नियमांतही सरोगसीतल्या आईसाठी १८० दिवसांची तरतूद झाली. अशी बातमी आली की ऑफिसात, नातेवाइकांत एक प्रश्न हमखास निघतो: "बाळंतपण तर झालेलं नाही, मग रजा कशाला? हिला काय अंगावर पाजायचंय?"

पाजायचं असू शकतं. गर्भारपण न झालेल्या स्त्रीलाही दूध येऊ शकतं. त्यात चमत्कार नाही, पण कष्ट बरेच आहेत, आणि ते नेमके कसले हे आधी कळलं तर निम्मी निराशा टळते.

दूध कोण आणतं?

दोन संप्रेरकं लक्षात ठेवली तरी पुरे. संप्रेरक म्हणजे एका ग्रंथीतून रक्तात उतरून दुसऱ्या अवयवाला कामाला लावणारं रसायन. प्रोलॅक्टिन दूध तयार करतं. ऑक्सिटोसिन ते नळ्यांतून बाहेर ढकलतं, यालाच आपण पान्हा फुटणं म्हणतो. दोन्ही मेंदूच्या तळाशी असलेल्या पिच्युटरी ग्रंथीतून येतात आणि दोन्हींना इशारा मिळतो तो स्तनाग्र ओढलं जाण्यातून. ही ग्रंथी प्रत्येक स्त्रीकडे असते. गर्भाशय काढलेलं असलं तरी ती जागेवरच असते.

दुधाचं गणित विहिरीसारखं आहे. उपसा चालू असला की झरे वाहते राहतात, उपसा थांबला की ते बुजतात. स्तन रिकामा झाला की पुढचं दूध लवकर तयार होतं, भरून राहिला की कारखाना मंदावतो. बाळंतिणीच्या बाबतीतही पहिल्या काही दिवसांनंतर हाच नियम लागू होतो.

मग गर्भारपण काय करतं? विहीर खणून देतं. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही आणखी दोन संप्रेरकं नऊ महिने वाढलेली राहतात, त्यांच्यामुळे दुधाच्या नळ्यांना फांद्या फुटतात आणि टोकाशी दूध तयार करणाऱ्या पेशींचे घोस धरतात. पण प्रोजेस्टेरॉन चढं असेपर्यंत दूध भरपूर उतरत नाही. प्रसूतीनंतर वार पडली की प्रोजेस्टेरॉन झपाट्यानं खाली येतं आणि दोन-तीन दिवसांत दूध भरतं. दत्तक आईकडे ही आधीची खणाई नसते. ती एकतर औषधांनी करून घ्यायची, नाहीतर नुसत्या ओढण्यानं हळूहळू होऊ द्यायची. पूर्वी कधी बाळंत झालेल्या, अंगावर पाजलेल्या स्त्रीला हे सोपं जातं ते यामुळेच.

या संदर्भात यशोदेचं नाव हमखास निघतं. पण कथेप्रमाणे यशोदाही त्याच रात्री मुलीला जन्म देऊन बाळंतीण झालेली होती. तिचं उदाहरण प्रेमासाठी चपखल आहे, शरीरशास्त्रासाठी नाही.

असं खरंच झालेलं आहे का?

हो, आणि नोंदीही आहेत. १९८१ मध्ये अमेरिकेत दत्तक बाळांना अंगावर पाजणाऱ्या २४० स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बहुतेकींना वरचं दूध जोडीला द्यावंच लागलं, पण दूध किती आलं यापेक्षा बाळाशी जुळलेलं नातं त्यांना मोलाचं वाटलं. पापुआ न्यू गिनीत बाळाला दूध पाजायची बाटली घ्यायला डॉक्टरची चिठ्ठी लागत होती, त्यामुळे आई नसलेल्या बाळाला दुसऱ्या स्त्रीनं पाजणं ही तिथली खरीखुरी गरज होती. तिथल्या ३७ स्त्रियांवरचा अभ्यास १९९४ साली छापून आला, आणि त्यातल्या बहुतेकींना दूध आलं होतं. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी एका ट्रान्स स्त्रीची, म्हणजे जन्मावेळी पुरुष मानल्या गेलेल्या स्त्रीची, नोंद प्रसिद्ध केली. तिला दिवसाला सुमारे २४० मिली दूध येत होतं आणि बाळ पहिले सहा आठवडे त्यावरच वाढलं.

यातून "प्रत्येकीला पूर्ण दूध येईल" असं वचन कुणी देत असेल तर विश्वास ठेवू नका. काहींना दिवसाला चार चमचे येतं, काहींना बाळाच्या गरजेच्या निम्मं, थोड्या जणींना पूर्ण.

तयारीला वेळ किती मिळतो?

सरोगसीत तारीख अंदाजे ठाऊक असते, त्यामुळे सहा-सहा महिन्यांची तयारी जमते. दत्तक प्रक्रियेत उलटं असतं. नोंदणीनंतर वर्षानुवर्षं वाट पाहावी लागते आणि मग अचानक एक दिवस दत्तक नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर बाळाची माहिती येते. ४८ तासांत होकार कळवायचा असतो. शिवाय जन्मदात्यांनी बाळ सोपवलं असेल तर त्यांना फेरविचारासाठी ६० दिवस दिलेले असतात, त्यामुळे घरी येणारं बाळ बहुधा दोन-तीन महिन्यांच्या पुढचंच असतं आणि बाटलीला सरावलेलं असतं.

म्हणून दत्तक आईनं वर्षभर आधीपासून गोळ्या घेत बसू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. आधी करायचं ते एवढंच: स्त्रीरोगतज्ज्ञाकडून तपासणी, स्तनपान सल्लागाराशी एक भेट, पंप कुठून भाड्यानं मिळेल याची चौकशी. होकार दिल्याच्या दिवशी पंप सुरू.

पंप: कंटाळवाणा, पण कणा हाच

दोन्ही बाजूंना एकदम लागणारा विजेवरचा पंप घ्यावा. दिवसाला ८ ते १२ वेळा, म्हणजे दर दोन-तीन तासांनी, १० ते १५ मिनिटं. रात्री प्रोलॅक्टिन चढं असतं, म्हणून एक ते पाचच्या दरम्यान एकदा उठायचंच. दर दोन-तीन तासांनी जमलं नाही तर तासाभरात तीन-चार छोट्या फेऱ्या घ्या, पण फेऱ्यांची संख्या पाडू नका. दिवसात तीनदा अर्धा-अर्धा तास ओढण्यापेक्षा आठदा दहा मिनिटं ओढणं कितीतरी परिणामकारक.

पंपाचं फनेल योग्य मापाचं हवं. लहान झालं तर स्तनाग्र घासून सोलवटतं, मोठं झालं तर भोवतालचा काळा भागही आत खेचला जातो आणि दूध नीट निघत नाही. दुखत असेल तर सहन करू नका. दुखण्यानं ऑक्सिटोसिन अडतं, गाय पान्हा चोरते तसंच. खेच कमी करा, फनेल बदला.

वीज गेली किंवा प्रवासात असलात तर हातानं काढायचं. अंगठा वर, बोटं खाली, स्तनाग्रापासून साधारण तीन सेंटीमीटर मागे. आधी छातीच्या दिशेनं दाबायचं, मग दोन्हीकडून चिमटल्यासारखं, मग सोडायचं. बोटं कातडीवरून घसरवायची नाहीत. एसटी स्थानकांवरचे हिरकणी कक्ष याच कामासाठी आहेत. तिथे बाळ सोबत असलंच पाहिजे असं समजून संकोचू नका.

पहिले थेंब यायला काहींना आठवडा लागतो, काहींना महिना. सुरुवातीला पाण्यासारखे किंवा पिवळसर, मग पांढरे. त्याआधी स्तन जड वाटणं, झिणझिण्या येणं ही चांगली लक्षणं.

औषधं: इथे घाई नको

कॅनडातले बालरोगतज्ज्ञ जॅक न्यूमन आणि स्तनपान सल्लागार लेनोर गोल्डफार्ब यांनी बसवलेली पद्धत जगभर वापरली जाते. तिचा तर्क सोपा आहे: शरीराला खोटं गर्भारपण द्यायचं आणि मग खोटी प्रसूती. इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन असलेली गर्भनिरोधक गोळी पाळीसाठी खंड न पाडता, पाकिटातल्या औषध नसलेल्या गोळ्या वगळून, सुमारे सहा महिने घ्यायची. सोबत डोम्पेरिडोन. बाळ येण्याच्या सुमारे सहा आठवडे आधी गर्भनिरोधक गोळी बंद करायची. प्रोजेस्टेरॉन कोसळतं, शरीराला वाटतं वार पडली. डोम्पेरिडोन चालू ठेवून पंप सुरू करायचा. वेळ कमी असेल तर हेच महिना-दोन महिन्यांत आटोपतात, दूधही मग सहसा कमी येतं. काही जणी एकही गोळी न घेता फक्त पंप आणि बाळाच्या तोंडावर विसंबतात, तेही मान्य आहे.

डोम्पेरिडोन आपल्याकडे उलटीची गोळी म्हणून घरोघरी माहीत आहे. डोपामाइन हे रसायन प्रोलॅक्टिनला लगाम घालतं, ही गोळी तो लगाम सैल करते. ओळखीची गोळी आहे म्हणून ती निर्धोक मात्र नाही. ती हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकते. अमेरिकेच्या औषध नियामकानं २००४ मध्येच दुधासाठी ती वापरू नका असा इशारा दिला. युरोपच्या नियामकानं २०१४ मध्ये मोठ्या माणसांसाठी १० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा ही मर्यादा घातली, तीही उलटीसाठी आणि थोडे दिवस. न्यूमन-गोल्डफार्ब पद्धतीत मात्र मात्रा दिवसाला ८० मिलिग्रॅमपर्यंत जाते. या दोन आकड्यांमधलं अंतर लक्षात घ्या आणि निर्णय डॉक्टरांसोबतच घ्या. सुरू करण्याआधी ईसीजी आणि रक्तातलं पोटॅशियम तपासून घ्या. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तुम्हाला हृदयविकार असेल तर ते सांगा. फ्लुकोनॅझोल, एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन ही औषधं डोम्पेरिडोनबरोबर चालत नाहीत. छातीत धडधड, चक्कर, भोवळ आली तर गोळी थांबवून लगेच दवाखाना.

गर्भनिरोधक गोळीलाही अटी आहेत. पूर्वी रक्ताची गुठळी झालेली, स्तनाचा कर्करोग झालेला, रक्तदाब वाढलेला, डोळ्यांपुढे चमकण्यासह अर्धशिशी असलेली, किंवा पस्तिशीच्या पुढची आणि धूम्रपान करणारी स्त्री यांनी ती घेऊ नये. मेटोक्लोप्रमाइड हे पर्यायी औषध मेंदूत पोचतं, त्यानं उदासी आणि स्नायूंच्या अनैच्छिक हालचाली होऊ शकतात, म्हणून ते टाळावं.

वाटी आणि नळी

सगळ्यात उपयोगी साधन काही रुपयांचं आहे. केमिस्टकडे ५ किंवा ६ नंबरची इन्फंट फीडिंग ट्यूब मागा. बारीक टोक स्तनाग्राच्या टोकाशी आणून मायक्रोपोर पट्टीनं चिकटवा. दुसरं टोक वाटीतल्या दुधात बुडवा. बाळ स्तन तोंडात घेऊन ओढतं तेव्हा नळीतून दूध त्याच्या तोंडात जातं. बाळाचं पोट भरतं, त्याला स्तनापाशी दूध मिळतं हे कळतं आणि तुमच्या पिच्युटरीला इशारा मिळत राहतो. एका वेळी तिन्ही कामं.

वाटी उंच धरली की धार वाढते, खाली घेतली की मंदावते. बाळ ठसकलं, दूध ओठांच्या कडेनं सांडलं, तर वाटी खाली घ्या. ओढून दमलं तर जरा वर करा. बाळ नळीच स्ट्रॉसारखी ओढतंय आणि स्तन सोडतंय असं दिसलं, तर नळीचं टोक फार आत गेलंय, थोडं मागे घ्या. नळी तुंबते ती बहुतेक वेळा पावडरच्या गुठळ्यांनी. पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, गरम असतानाच पावडर घाला, नीट ढवळा, मग कोमट होऊ द्या. डब्यावर लिहिलेलं प्रमाण पाळा. बहुतेक डब्यांवर ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा असं असतं. डबा पुरवायला दूध पातळ करणं बाळाच्या जिवाशी खेळ आहे. पाजून झाल्यावर सिरिंजनं गरम साबणपाणी, मग स्वच्छ पाणी नळीतून सोडा. नळी स्वस्त आहे, रोज नवी वापरलीत तर उत्तम.

किती द्यायचं? सुरुवात पूर्ण गरजेनं करा: किलोमागे दिवसाला १५० मिली. चार किलोच्या बाळाला ६०० मिली, म्हणजे आठ वेळा ७५ मिली. तुमचं दूध वाढतंय असं दिसलं की वरचं दूध दिवसभरात मिळून ५० मिलीनं कमी करा, आणि पुढची कपात काही दिवस थांबून. दर आठवड्याला बाळाचं वजन त्याच काट्यावर, कपडे काढून. आठवड्याला निदान १२५ ग्रॅम वाढ आणि चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू होत असेल तर ठीक. नसेल तर कपात मागे घ्या, त्याच दिवशी. इथे हट्ट केला की बाळ उपाशी राहतं. आणि उपाशी बाळ रडतंच असं नाही, ते मलूल होऊन झोपूनही राहतं, आणि घरच्यांना वाटतं किती गुणी आहे.

बाळ तोंडच लावत नाही

दोन महिन्यांच्या आतली बाळं सहसा पटकन घेतात. तीन-चार महिन्यांची, बाटलीची सवय झालेली बाळं पाठ ताणून रडतात. ते तुम्हाला नाकारत नाहीयेत. त्यांना अनोळखी घर, अनोळखी वास आणि अनोळखी पद्धत सगळं एकाच दिवशी मिळालं आहे.

पहिले काही दिवस पाजायचा प्रयत्नच करू नका. उघड्या छातीवर बाळाला घेऊन बसा, वरून दुपटं किंवा मऊ लुगडं. संस्थेत जे पावडरचं दूध चालू होतं तेच, त्याच वेळांना द्या. ब्रँड, मात्रा, वेळा हे सगळं बाळ आणतानाच तिथल्या समाजसेविकेकडून लिहून घ्या. बाटलीऐवजी वाटी-चमचा किंवा बोंडल्यानं पाजा. मग बाळ अर्धवट झोपेत असताना, फार भुकेलं नसताना छातीशी न्या आणि स्तनावरून चमच्यानं दुधाचे थेंब ओघळू द्या. बाटलीच्या बुचाला फारच सरावलेल्या बाळाला स्तनाग्रावर सिलिकॉनचं कवच लावून, त्याखालून नळी देऊन सुरुवात करता येते. आठ-दहा दिवसांनीही ते घेत नसेल, तर काढलेलं दूध वाटीनं पाजा.

काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास, फ्रिजच्या आतल्या कप्प्यात चार दिवस टिकतं. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात चार तासांचा हिशोब धरू नका, काढलं की सरळ फ्रिजमध्ये.

हे दूध "खरं" असतं का?

असतं. सुरुवातीचा घट्ट चीक बहुधा मिळत नाही, कारण तो गर्भारपणाच्या शेवटी तयार झालेला असतो. नंतरचं दूध मात्र बाळंतिणीच्या मुरलेल्या दुधासारखंच असल्याचं मोजक्या तपासण्यांत दिसलं आहे. डोम्पेरिडोन दुधात अत्यल्प उतरतं. सरोगसीत, जन्म देणाऱ्या बाईची मनापासून तयारी असेल आणि तिच्या तपासण्या झालेल्या असतील, तर पहिला चीक तिच्याकडून घेता येतो. तिलाही दूध भरणार आहे, ठणका लागणार आहे. तिच्या उपचाराची सोय आधीच करून ठेवणं ही बाळ घेणाऱ्या कुटुंबाची जबाबदारी आहे.

ओळखीतल्या बाळंतिणीचं कच्चं दूध मात्र असंच घेऊ नका, त्यातून एचआयव्हीसारखे संसर्ग येऊ शकतात. दूधपेढीत दाते तपासलेले असतात आणि दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं असतं. मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी देशातली पहिली दूधपेढी सुरू केली. पण तिथला साठा आधी अपुऱ्या दिवसांच्या आणि आजारी बाळांसाठी असतो, आणि तो तसाच असायला हवा.

अळीव, शतावरी, मेथी?

अळिवाचे आणि डिंकाचे लाडू चांगलं खाणं आहे, पण नुसत्या लाडवांनी पान्हा फुटत नाही. शतावरीवरचे अभ्यास लहान आहेत. मेथी जास्त झाली तर पोट बिघडतं, रक्तातली साखर उतरते, मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी सांभाळावं. शिवाय तुमच्या शरीराची गर्भारपणात झीज झालेली नाही, बाळंतिणीचा पूर्ण खुराक घेतला तर फक्त वजन वाढेल. तहानेप्रमाणे पाणी, नेहमीचं जेवण, थोडी डाळ आणि दूध जास्त.

पावडरचे डबे आहेत, मग एवढा खटाटोप कशाला?

हा प्रश्न रास्त आहे आणि "नको" हे त्याचं उत्तर पूर्णपणे सन्मानाचं आहे. रात्री दोनला पंप लावून आठवडाभर एक थेंब न दिसणं सोपं नाही. ज्या आईला मूल होण्यासाठी आधीच वर्षानुवर्षं इंजेक्शनं आणि तपासण्या सोसाव्या लागल्या, तिच्यावर आणखी एक परीक्षा कुणी लादू नये, सासूनं नाही, डॉक्टरनं नाही. ज्यांना हवं आहे त्यांनी मात्र ते मिलीलीटरमध्ये मोजू नये. थोडं दूधही बाळाला रोगप्रतिकारक घटक देतं, आणि नळीवर पिणारं बाळ त्या वेळी तुमच्या छातीशीच असतं, दूध कुणाचंही असो.

एचआयव्ही असलेल्या, क्षयरोगाचा उपचार सुरू न झालेल्या किंवा कर्करोगाची औषधं चालू असलेल्या स्त्रीनं आधी तज्ज्ञांना विचारल्याशिवाय पाजू नये. स्तनांची शस्त्रक्रिया झालेली असेल तर दूध कमी येण्याची तयारी ठेवावी. पाळी थांबलेल्या स्त्रियांनाही दूध येऊ शकतं, फक्त संप्रेरकाच्या गोळ्यांचा धोका वयानुसार वाढतो.

थांबायचं ठरलं तर

एका दिवसात थांबू नका. पंपाच्या फेऱ्या दर दोन-तीन दिवसांनी एकेक कमी करा, नाहीतर गाठी होतात, ताप येतो. डोम्पेरिडोनही एकदम सोडायचं नसतं. अचानक बंद केल्यावर काही स्त्रियांना आठवडाभर झोप लागत नाही, जीव घाबरा होतो, आणि ते दूध आटल्याच्या दुःखाचं लक्षण समजून कुणी गोळीचा विचारच करत नाही. दर आठवड्याला १० मिलिग्रॅम, डॉक्टरांना विचारून, एवढ्या सावकाश कमी करा. पंप भाड्याचा असेल तर शेवटची गोळी घेऊन आठवडा होईपर्यंत तो परत करू नका. मधेच स्तन भरून आले तर थोडं दूध काढून ताण हलका करायला तो लागतो.